उंदीर नर की मादी, यावर किडनीचा रक्तप्रवाह ठरतो का?

प्रश्न : माझे आई-बाबा दोघेही पन्नाशीचे आहेत. गेल्या महिन्यात एकाच लॅबमध्ये, एकाच दिवशी दोघांचं रक्त तपासलं. क्रिएटिनिन दोघांचंही १.१ आलं. पण त्याखाली ‘ईजीएफआर’ म्हणून जो आकडा छापला आहे, तो बाबांचा ८२ आणि आईचा ६१. मी बी.एस्सी.ला आहे. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, की प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये नर आणि मादी यांच्या, तसंच वेगवेगळ्या वाणांच्या उंदरांच्या किडनीतला रक्तप्रवाह सारखा नसतो. मग आईच्या किडनीला रक्त कमी मिळतं, असं समजायचं का? आणि उंदीर तो उंदीर. त्यात वाण कसला बघायचा?
— एक विद्यार्थिनी, मंठा (जि. जालना)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक आईच्या रिपोर्टचा आणि दुसरा उंदरांचा. दोन्हींत ‘स्त्री-पुरुष’ आणि ‘किडनी’ हे शब्द येतात, म्हणून त्यांची सांगड घालावीशी वाटणं साहजिक आहे. पण आधी ती सोडवू.

आईचा ६१ हा आकडा कोणी मोजलेला नाही. तो सूत्रात घालून काढलेला अंदाज आहे. लॅबने मोजलं ते फक्त क्रिएटिनिन. हे क्रिएटिनिन स्नायूंमध्ये रोज तयार होतं आणि किडनी ते रक्तातून गाळून टाकते. सरासरी पाहिली तर बाईच्या अंगात स्नायू पुरुषापेक्षा कमी असतात, म्हणून क्रिएटिनिनही कमी तयार होतं. आता कमी तयार होऊनसुद्धा रक्तातली पातळी पुरुषाइतकीच १.१ असेल, तर गाळण्याचा वेग कमी असला पाहिजे, असा तर्क सूत्र करतं. सध्या बऱ्याच ठिकाणी वापरलं जाणारं २०२१ चं सूत्र घेऊन मी हिशेब करून पाहिला. पन्नास वर्षांचा पुरुष, क्रिएटिनिन १.१, तर ८२. त्याच वयाची स्त्री, तेच क्रिएटिनिन, तर ६१. म्हणजे लॅबचं काही चुकलेलं नाही. पण या सूत्राला रक्तप्रवाहाची काहीच खबर नसते. त्याला फक्त वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढंच कळतं. आई दिवसभर कापूस वेचणारी, काटक बांध्याची आहे की घरात बसून असते, हेही त्याला ठाऊक नसतं.

आता उंदरांकडे वळू. सरांनी सांगितलं ते खरं आहे. पण ते का खरं, हे कळायला आधी किडनीतलं रक्त कसं फिरतं ते पाहावं लागेल.

आपल्या दोन्ही किडन्यांचं मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्धा टक्क्याच्या आसपास. तरी हृदय मिनिटाला जे सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं, त्यातलं एक लिटरभर या दोघींकडे जातं. पुष्कळांना वाटतं की किडनी खूप राबते, म्हणून तिला पोसायला इतकं रक्त लागतं. तसं नाही. तिच्या पोषणाला याचा थोडाच भाग पुरेसा असतो. बाकीचं रक्त येतं ते गाळून घ्यायला. दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतलं जातं आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते.

हे गाळणं केशवाहिन्यांच्या बारीक गुच्छांमध्ये चालतं. माणसाच्या एका किडनीत असे सरासरी दहा लाख गुच्छ असतात, उंदराच्या किडनीत दहा-पंधरा हजार. प्रत्येक गुच्छाला रक्त आत आणणारी एक सूक्ष्म धमनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. दोन्ही आकुंचन पावू शकतात, सैल होऊ शकतात. तुमच्या भागात ठिबक आहे, म्हणून त्याचंच उदाहरण देतो. मुख्य व्हॉल्व्ह आवळला की पुढच्या नळ्यांतला प्रवाहही घटतो आणि दाबही पडतो. पण शेवटचा फ्लश व्हॉल्व्ह उघडा असेल आणि तो बंद केला, तर पाणी पुढे वाहून जायचं थांबतं आणि नळीतला दाब वाढतो. किडनीतही असंच होतं. आत येणारी धमनी आवळली की रक्तप्रवाह आणि गाळण दोन्ही कमी होतात. बाहेर जाणारी आवळली की रक्तप्रवाह कमी होतो, पण गुच्छातला दाब वाढल्यामुळे गाळण टिकून राहते. म्हणून ‘रक्तप्रवाह कमी’ म्हणजे ‘किडनी निकामी’ असं लगेच म्हणता येत नाही.

हे आवळणं-सैल होणं कोण ठरवतं? मुख्यतः तीन रसायनं. अँजिओटेन्सिन आवळतं, आणि बाहेर जाणारी धमनी जास्त आवळतं. नायट्रिक ऑक्साइड सैल करतं. प्रोस्टाग्लँडिनही सैल करतात, विशेषतः शरीरात पाणी कमी पडलेलं असतं तेव्हा. शिवाय धमनीच्या भिंतीला स्वतःचंही भान असतं: रक्तदाब साधारण ८० ते १८० च्या दरम्यान वरखाली झाला, तरी किडनीतला प्रवाह फारसा हलत नाही. नर-मादी आणि वाण यांचा परिणाम होतो तो मुख्यतः या रसायनांच्या कारभारावर.

पहिला फरक अगदी साधा, आकाराचा. नर उंदराची किडनी मादीच्या किडनीपेक्षा जड असते. नुसतं नराचं शरीर मोठं म्हणून नव्हे. टेस्टोस्टेरॉन किडनी वाढवतं. नराची वृषणं काढली तर किडनी लहान होते, मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं तर मोठी होते. त्यामुळे एकूण रक्तप्रवाह मोजला की नराचा जास्त दिसतो. पण तोच प्रवाह किडनीच्या दर ग्रॅममागे मोजला तर चित्र बदलतं, आणि शरीराच्या वजनामागे मोजला तर आणखी वेगळं दिसतं. म्हणून ‘नरांत जास्त’ किंवा ‘मादीत जास्त’ असं वाक्य वाचलं की पहिला प्रश्न विचारायचा: कशाने भागलं? माणसांतही एकूण आकड्यात पुरुषांचा प्रवाह जास्त दिसतो, आणि शरीराच्या आकारमानाचा हिशेब घातला की तो फरक बराच आटतो.

दुसरा फरक रक्तवाहिन्यांच्या स्वभावाचा. इस्ट्रोजेनमुळे वाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं, म्हणून मादीच्या वाहिन्यांचा कल सैल राहण्याकडे असतो. याचा परिणाम संकटात दिसतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदरांच्या किडनीचा रक्तपुरवठा काही मिनिटं चिमट्याने बंद करून पुन्हा सुरू केला गेला. नरांच्या किडनीचं नुकसान माद्यांपेक्षा कितीतरी जास्त झालं. ज्या नरांची वृषणं आधीच काढली होती, त्यांचं कमी झालं. आणि माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांचंही नुकसान वाढलं. म्हणजे इथे दोष नर असण्याचा कमी आणि त्या संप्रेरकाचा जास्त.

पण सगळं काही संप्रेरकांवर सोडून चालत नाही. अँजिओटेन्सिनचा आवळण्याचा हुकूम पाळणारा एक ग्राहक-रेणू पेशींवर असतो, आणि त्याला विरोध करून वाहिनी सैल करणारा दुसरा. या दुसऱ्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. अँजिओटेन्सिनची विल्हेवाट लावणाऱ्या एसीई-२ या विकराचं जनुकही तिथेच. मादीकडे एक्स दोन, नराकडे एक. मग फरक संप्रेरकांचा की गुणसूत्रांचा, हे कसं ओळखायचं? यासाठी शास्त्रज्ञांनी फार सुंदर युक्ती केली. नर घडवणारं ‘एसआरवाय’ हे जनुक वाय गुणसूत्रावरून काढून दुसऱ्या एका साध्या गुणसूत्रावर नेलं. त्यातून चार प्रकारचे उंदीर मिळतात: दोन एक्स असूनही वृषणं असलेले, एक्स-वाय असूनही अंडाशय असलेले, आणि दोन नेहमीचे. २०१० साली अशा उंदरांच्या प्रजननग्रंथी काढून त्यांना अँजिओटेन्सिन दिलं, तेव्हा दोन एक्स असलेल्यांचा रक्तदाब एक्स-वाय असलेल्यांपेक्षा जास्त वाढला. ‘मादीला नेहमीच संरक्षण’ ही समजूत इथे कोसळते. संप्रेरकं एका बाजूला ओढतात, गुणसूत्रं दुसऱ्या, आणि आपल्याला दिसते ती त्यांची गोळाबेरीज.

आता तुमचा ‘उंदीर तो उंदीर’ हा मुद्दा. सोयाबीनच्या पोत्यात घुसणारा लहान घरउंदीर आणि प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर मुळात एकाच जातीचे. पण पोत्यातल्या दोन उंदरांची जनुकं एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. प्रयोगशाळेतल्या शुद्ध वाणातल्या दोघांची जवळजवळ जुळतात. असा वाण तयार करायला सख्ख्या भावंडांचा संकर निदान वीस पिढ्या करावा लागतो. क्लॅरेन्स लिटल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ‘डीबीए’ हा पहिला शुद्ध वाण सुरू केला आणि १९२१ मध्ये काळ्या रंगाचा ‘सी५७ ब्लॅक ६’. हा काळा उंदीर आज जगात सर्वांत जास्त वापरला जातो. एका वाणातले उंदीर एकमेकांची प्रतिकृती असतात, पण दोन वाण एकमेकांना पुष्कळच परके असतात.

किती परके, ते बघा. अँजिओटेन्सिन तयार होण्याची साखळी रेनिन या विकरापासून सुरू होते, आणि रेनिन प्रामुख्याने किडनीतच तयार होतं. काळ्या ‘सी५७’ उंदराला रेनिनचं एक जनुक असतं. ‘१२९’ नावाच्या वाणाला आणि ‘डीबीए’ला दोन. हे जास्तीचं जनुक लाळग्रंथीत जोरात काम करतं, आणि त्याला चालना देतं टेस्टोस्टेरॉन. त्यामुळे दोन जनुकांच्या वाणांत नराच्या लाळग्रंथीत मादीपेक्षा कितीतरी जास्त रेनिन सापडतं; एका जनुकाच्या काळ्या उंदरात लाळग्रंथीतलं रेनिन मुळातच नगण्य असतं.

मला हे उदाहरण या सगळ्या विषयाचं मर्म वाटतं. ‘नर-मादीत फरक किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ‘कोणत्या वाणात?’ हे विचारल्याशिवाय ते देता येत नाही. लिंगाचा परिणाम वेगळा, वाणाचा वेगळा आणि दोघांची नुसती बेरीज करायची, असंही नाही. एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असतो. माणसाला रेनिनचं जनुक एकच असतं, हेही इथे लक्षात ठेवायला हवं.

वाणाचा परिणाम किडनी बिघडण्यावरही होतो. किडनीचा बहुतेक भाग काढून उरलेल्या तुकड्यावर भार टाकला, तर ‘१२९’ वाणाचे उंदीर लवकर आजारी पडतात: रक्तदाब चढतो, गुच्छांवर व्रण पडतात. ‘सी५७’ मात्र तोच भार बराच काळ सोसतो. म्हणून एखादं औषध फक्त काळ्या उंदरावर तपासून ‘किडनीला धोका नाही’ असं जाहीर करणं घाईचं ठरेल.

हे सगळं अमेरिकेतलंच आहे, असं वाटू देऊ नका. वाण बदलला की रोगाशी झुंजायची ताकद बदलते, याचा धडा मुंबईने फार पूर्वी दिला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढच्या काही वर्षांत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, उंदरांवर अभ्यास सुरू झाला. तेव्हा दिसलं की वर्षानुवर्षं प्लेग सोसलेल्या मुंबईतले उंदीर प्लेगचे जंतू टोचल्यावर बऱ्याच संख्येने तगतात, आणि प्लेग फारसा न पोचलेल्या मद्रासचे उंदीर पटापट मरतात. जात एकच, पण मुंबईत जे कमकुवत होते ते साथीत मरून गेले होते आणि तगलेल्यांचीच प्रजा उरली होती.

त्यानंतरचं नाव डॉ. कमल रणदिवे यांचं. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या मराठी शास्त्रज्ञ बाईंनी परळला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली संशोधनाला सुरुवात केली. दोघांनी मिळून चार वेगवेगळ्या वाणांच्या उंदरांच्या स्तनग्रंथी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. त्या चारही वाणांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वेगवेगळं होतं, आणि रोग होण्याआधीच ग्रंथींच्या रचनेत काही फरक दिसतो का, हे त्यांना पाहायचं होतं. वाण आणि संप्रेरकं यांचा एकत्र विचार मुंबईत १९४० च्या दशकात चालू होता, तोही एका मराठी बाईच्या सूक्ष्मदर्शकाखाली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. शाळेच्या पुस्तकांत त्यांच्याविषयी अधिक यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मग इतकी वर्षं प्रयोगांत बहुधा नरच का वापरले गेले? कारण असं दिलं जाई, की मादीचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं असतं, त्यामुळे तिचे आकडे सारखे वरखाली होतात. ऐकायला पटतं. पण २०१४ मध्ये २९३ शोधनिबंधांतले आकडे एकत्र करून तपासले, तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले निघाले नाहीत. एकत्र ठेवलेले नर आपसांत भांडतात, कोणी वरचढ होतो, कोणी दबून राहतो. त्यांचीही संप्रेरकं हलतात, हे कोणी मोजतच नव्हतं. २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनुदान मागणाऱ्यांना प्राण्याच्या लिंगाचा विचार करणं सक्तीचं केलं. तोवर पुष्कळ औषधं बाजारात येऊन गेली होती. झोपेच्या झोल्पिडेम या गोळीचा बायकांसाठीचा डोस अमेरिकेत निम्म्यावर आणला गेला तो २०१३ साली, कारण बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरते.

मोजमापाबद्दलही दोन शब्द. उंदराची किडनी वजनाने ग्रॅमच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी, आणि तिच्यातून मिनिटाला जातं ते रक्त एक मिलीलिटरच्या आसपास. ते मोजायला धमनीभोवती सूक्ष्म श्राव्यातीत चिमटा बसवतात किंवा एमआरआय वापरतात. पहिल्यासाठी बहुधा आणि दुसऱ्यासाठी जवळजवळ नेहमीच उंदराला भूल द्यावी लागते. भुलीने रक्तदाब उतरतो आणि किडनीचा प्रवाहही. शिवाय सगळ्या वाणांना एकच भूल सारखी चढत नाही. त्यामुळे दोन वाणांत जो फरक दिसला, तो किडनीचा की भुलीचा, हे चांगला संशोधक आधी निस्तरून घेतो.

आता यातलं माणसाला काय लागू पडतं? ठरावीक आकडे नाहीत, पण यंत्रणा बरीचशी तीच आहे. गरोदरपणात बाईच्या किडनीचा रक्तप्रवाह आणि गाळण्याचा वेग जवळजवळ दीडपट होतो, कारण वाहिन्या सैल पडतात. म्हणून गरोदर बाईचं क्रिएटिनिन एरवीपेक्षा कमी असायला हवं. ते १.० आलं, तर एरवी ‘नॉर्मल’ म्हणून सोडून दिलं जाईल असा हा आकडा गरोदरपणात डॉक्टरांना दाखवण्याजोगा असतो.

दुसरी गोष्ट प्रोस्टाग्लँडिनची. एप्रिल-मेच्या उन्हात रानात दिवसभर काम केलं, पाणी कमी पडलं, की किडनीच्या आत येणाऱ्या धमन्या उघड्या ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या अंगदुखीच्या गोळ्या नेमक्या त्यांनाच अडवतात. अंग दुखतंय म्हणून रिकाम्यापोटी, तहानलेल्या अंगाने रोज अशी गोळी घेणाऱ्याच्या किडनीचा प्रवाह खरोखर घटतो. हे बाई-पुरुष दोघांनाही लागू आहे. ज्यांना आधीच रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांना जास्त.

शेवटी आईच्या रिपोर्टकडे येऊ. एकदाच आलेल्या ६१ वरून किडनीचा आजार आहे असं कोणी म्हणत नाही. आकडा सलग तीन महिने ६० च्या खाली राहिला, किंवा किडनीला इजा झाल्याची दुसरी खूण सापडली, तर तो जुनाट आजार मानतात. आदल्या रात्री मटण झालं असेल किंवा त्या दिवशी अंगमेहनत फार झाली असेल, तरी क्रिएटिनिन थोडं चढतं. लॅबने वय आणि ‘स्त्री’ हा रकाना बरोबर भरला आहे ना, ते रिपोर्टवर एकदा पाहा; तिथे चूक झाली तर आकडा वीस-एकवीसने बदलतो, हे तुम्ही घरातच पाहिलंत. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासा, सोबत लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तदाबही तपासून घ्या. आईला साखर किंवा रक्तदाब असेल, तर तीन महिने थांबू नका. याच आठवड्यात रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ती घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.